अकरा चाळीसचं तिकीट: म्युनिक ते फ्युसेन, एका शनिवारचा प्रकरण अभ्यास

२०२५च्या ऑक्टोबरातल्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार. मास्टर्ससाठी नुकतीच म्युनिकला आलेली एक मराठी विद्यार्थिनी नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा पाहायला एकटी निघाली. राजवाड्याच्या आतल्या फेरीचं ११:४० चं तिकीट तिच्याकडे होतं. रात्री ती खोलीवर परतली तेव्हा राजवाड्याच्या आत तिने पाऊलही टाकलेलं नव्हतं, तरी दिवस फुकट गेला असं म्हणायला ती तयार नव्हती. मधल्या वेळात काय घडलं, कोणत्या ठिकाणी काय तिच्या हातात होतं आणि काय नव्हतं, हे तिने मला दुसऱ्या दिवशी सविस्तर सांगितलं. तिच्या परवानगीने, नाव न देता, ते इथे मांडते आहे.

मी बरीच वर्षं म्युनिकमध्ये राहते आणि शिकायला नव्याने येणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये भेटत असते. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, घराचा शोध, आरोग्य विमा यांवर त्यांना भरपूर माहिती मिळते. फिरण्याबद्दल मात्र ठिकाणांची यादी मिळते आणि तिथेच विषय संपतो. एखादा दिवस हातातून कसा निसटत जातो, हे कुणी उलगडून सांगत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. पहिल्याच महिन्यात असा दिवस वाट्याला आला की काही मुलं नंतरचे कित्येक शनिवार-रविवार खोलीतच काढतात. ते पाहून जीव तुटतो.

निघण्यापूर्वी

फ्युसेन हे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या दक्षिण टोकाचं, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेलं गाव. म्युनिकहून रेल्वेने साधारण दोन तास. काही गाड्या थेट जातात, काहींना बुखलो किंवा काउफबॉयरेनला बदलावं लागतं. फ्युसेन स्टेशनसमोरून ७३ किंवा ७८ क्रमांकाची बस घेतली की दहा-पंधरा मिनिटांत राजवाड्याच्या पायथ्याचं होहेनश्वांगाऊ गाव येतं. तिथून राजवाड्यापर्यंत चढण चढायला तीस ते चाळीस मिनिटं लागतात.

तिने आठच्या सुमाराची, बुखलोला बदलायची गाडी निवडली होती. दहाला फ्युसेन, साडेदहाच्या आत होहेनश्वांगाऊ, सव्वाअकरापर्यंत राजवाड्याच्या दारात. पंचवीस मिनिटं हाताशी. कागदावर हे ठीक दिसतं. या आखणीला बेफिकीर म्हणता येणार नाही. पण तिच्या रचनेत एक गोष्ट लपलेली आहे: त्या दिवसात पक्की, न हलणारी वेळ एकच होती, आणि ती चार हलणाऱ्या दुव्यांच्या शेवटी टांगलेली होती. गाडी, दुसरी गाडी, बस, चढण. राजवाड्याच्या तिकिटावर जी वेळ असते त्याच वेळेला आत घेतात. उशीर झाला तर तिकीट बाद. त्यातून त्याच वर्षी जुलैमध्ये, नॉयश्वानश्टाइन बांधणाऱ्या बव्हेरियाच्या लुडविग राजाचे राजवाडे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेले. पुढची फेरी रिकामी मिळेल अशी आशा शनिवारी धरायला जागा नव्हती.

रेल्वेसाठी तिच्याकडे डॉइचलांड-तिकीट होतं. तेव्हा, २०२५ मध्ये, ते महिन्याला ५८ युरोंना होतं (मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं होतं), आणि त्यात देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (मेट्रो), ट्राम, बस सगळं येतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. तिकीट फोनमध्ये, क्यूआर कोडच्या रूपात. राजवाड्याचं तिकीट फोनमध्ये. नकाशा फोनमध्ये. बँकेचं कार्डही फोनमध्येच. प्लास्टिकचं कार्ड अजून पोस्टाने यायचं होतं. पर्समध्ये वीस युरोंची एक नोट होती, ती तिच्या रूममेटने जबरदस्तीने ठेवायला लावलेली. पॉवर बँक चार्जिंगला लावलेली तशीच खोलीत राहिली. आणि पासपोर्ट टेबलाच्या खणात होता, हरवायला नको म्हणून मुद्दाम मागे ठेवलेला.

राजवाड्याचं तिकीट तीन आठवड्यांपूर्वी काढलेलं. फ्युसेनच्या रेल्वेमार्गावर शनिवार-रविवार रुळांचं काम आहे आणि वाटेतल्या मार्क्टओबरडॉर्फपासून पुढे गाडीऐवजी बस धावणार आहे, ही सूचना त्यानंतर रेल्वेच्या अ‍ॅपवर आली. तिने ती पाहिली नव्हती. जर्मनीत सध्या रुळांची कामं इतकी चालली आहेत की आदल्या रात्री मार्ग पुन्हा शोधून पाहणं हा प्रवासाचाच भाग धरायला हवा. नव्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना ते अतिसावधपणाचं वाटतं.

बुखलो

म्युनिकच्या मुख्य स्टेशनात पहिला फटका बसला. अल्गॉयकडच्या, म्हणजे फ्युसेनच्या प्रदेशाकडच्या, बऱ्याच गाड्या मोठ्या हॉलमधून सुटत नाहीत. २७ ते ३६ क्रमांकाचे फलाट बाजूच्या वेगळ्या भागात आहेत, आणि तिथवर चालायलाच पाच-सात मिनिटं जातात. ती वेळेत पोचली होती, गाडीच वीस मिनिटं उशिरा सुटली. बुखलोला उतरली तेव्हा फ्युसेनची गाडी निघून गेलेली. पुढची तासाभराने.

इथे ती अगदी शांत होती, हे मला विशेष वाटलं. तिने अ‍ॅपमध्ये हिशेब केला: पुढच्या गाडीने अकराच्या आसपास फ्युसेन, बस पटकन मिळाली तर अकरा वीसला पायथा, धावत चढली तर कदाचित जमेल. आशा बारीक होती, पण होती. म्हणून बुखलोच्या फलाटावर थांबून राहण्याचा तिचा निर्णय मला बरोबर वाटतो. मी हे प्रकरण काही विद्यार्थ्यांपुढे मांडलं तेव्हा एकाचं म्हणणं पडलं की तिने तिथूनच म्युनिकला परत फिरायला हवं होतं. मला ते पटत नाही. दिवस तिचा होता, तिकीट आधीच भरलेलं होतं, आणि परत जाऊन खोलीत बसण्यापेक्षा पुढे जाणं केव्हाही चांगलं.

चूक झाली ती दुसरीच. त्या तासात तिने फोन हातातून खाली ठेवला नाही. दर दोन मिनिटांनी अ‍ॅप ताजं करून पाहायचं, पुन्हा नकाशा, पुन्हा अ‍ॅप. सकाळी ऐंशी टक्के असलेली बॅटरी पन्नासवर आली.

पुढची गाडी आली, आणि मार्क्टओबरडॉर्फला सगळ्यांना उतरवण्यात आलं. घोषणा जर्मनमध्ये. तिला ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीइतपत जर्मन येत होतं. त्या लांबलचक घोषणेतला ‘शीनेनएर्झाट्सफेअरकेअर’ हा शब्द तिला कळला नाही. रेल्वेऐवजी चालवल्या जाणाऱ्या बससेवेला तसं म्हणतात, फलकावर नुसतं ‘एसईव्ही’ लिहिलेलं असतं. लोक ज्या बाजूला निघाले त्या बाजूला तीही निघाली. ही युक्ती बहुतेक वेळा चालते. गाडी रद्द झाली की ‘फेल्ट आउस’, फलाट बदलला की ‘होयटे फॉन ग्लाइस’ अमुक, हे दोन-तीन तुकडे कानाला ओळखीचे झाले तरी नव्या माणसाचं बरंच काम भागतं. बाकी व्याकरण मागाहून.

बस गावागावांतून वळसे घेत निघाली आणि तिथेच ११:४० ची शक्यता संपली. फ्युसेनला पोचायलाच साडेअकरा वाजणार होते. तिला ते कळलं होतं. तिने मला स्वतःच सांगितलं, “ताई, मला दिसत होतं की आता होणार नाही. पण मी ते मनात म्हणतच नव्हते.”

तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. भारतात दुपारचे अडीच वाजून गेले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं मागे जाईपर्यंत फरक साडेतीन तासांचा असतो.

“पोचलीस का गं? दाखव की राजवाडा. मावशीपण आलीय बघ.”

“अजून बसमध्ये आहे आई. पोचतेच आहे.”

“एकटीच आहेस ना? जपून गं. खाल्लंस काही?”

“हो, खाल्लं. सगळं मस्त चाललंय.”

खाल्लेलं काही नव्हतं. दहा मिनिटं खिडकीबाहेरचे डोंगर दाखवत ती बोलत राहिली, आणि फोन ठेवला तेव्हा बॅटरी तीस टक्क्यांवर आली होती. आईला खरं न सांगण्याबद्दल मी तिला काही बोलणार नाही. परदेशी गेलेलं प्रत्येक लेकरू पहिल्या वर्षी हे करतं. पण त्या कॉलनंतर राजवाडा पाहणं हे तिच्यासाठी नुसतं पाहणं राहिलं नाही, आता तो घरी दाखवायचा होता.

पैशांचाही ताण होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. म्युनिकमध्ये त्यातला मोठा वाटा घरभाडंच गिळतं. राजवाड्याच्या तिकिटाचे वीसेक युरो म्हणजे दोन हजार रुपयांहून जास्त. आल्या आल्या प्रत्येक मूल मनात हा गुणाकार करतंच. ते पैसे गेले हे मान्य करायला तिला फार जड गेलं.

स्टेशनसमोरची पाच मिनिटं

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो, म्हणून इथे थोडं थांबते.

साडेअकराला बस फ्युसेन स्टेशनसमोर थांबली. दहा मिनिटांत राजवाड्याच्या दारात पोचणं कोणत्याही उपायाने शक्य नव्हतं. तरी ती धावली. समोर इंजिन चालू असलेली बस दिसली, तिच्यात चढली, बस निघाली. क्रमांक पाहिला नाही, ड्रायव्हरला विचारलं नाही.

काही मिनिटांनी नकाशावरचा निळा ठिपका भलत्याच दिशेला सरकताना दिसला. राजवाडा आग्नेयेला, नदीपलीकडे. बस नदीच्या कडेने दक्षिणेला चालली होती, ऑस्ट्रियातल्या रॉयट या गावाकडे. सीमा फ्युसेनपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर आहे. रस्त्याकडेला ऑस्ट्रियाचा फलक दिसला तेव्हा तिला खणातला पासपोर्ट आठवला आणि पोटात गोळा आला.

इथे नियम नीट सांगायला हवा, कारण याबाबत मुलांच्या मनात फार गोंधळ असतो. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा निवास परवाना असला की शेंगेनमधल्या (आपापसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. म्हणजे ऑस्ट्रियात जाण्याचा हक्क तिला होता. पण तो हक्क सिद्ध करणारा कागद जवळ असावा लागतो: पासपोर्ट, आणि निवास परवान्याचं कार्ड मिळालं असेल तर तेही. तिचं कार्ड अजून झालेलं नव्हतं. व्हिसा पासपोर्टमध्येच चिकटवलेला. ऑस्ट्रियाकडून जर्मनीत येताना तपासणी होऊ शकते. त्या सीमेवर ती २०१५ पासून सुरू आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून तर जर्मनीच्या सगळ्याच भूसीमांवर. परतताना पोलिसांनी बस थांबवली असती तर फोनमधल्या फोटोच्या जोरावर तिला किती समजावता आलं असतं, कोण जाणे. शिवाय डॉइचलांड-तिकीट वैयक्तिक असतं, त्याबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवणं अपेक्षित आहे. पासपोर्ट खोलीत सुरक्षित राहतो हे खरं, पण ज्या दिवशी तुम्ही सीमेजवळच्या गावाला जाता त्या दिवशी तो अंगावरच हवा.

तिने थांब्याचं बटण दाबलं आणि झिगेलवीजला, सीमेच्या अगदी अलीकडे, उतरली.

आता पाहा. गाडीचा उशीर, चुकलेली जोडगाडी, रुळांचं काम: हे सगळं बाहेरून आलं. त्यातून तिचं नुकसान झालं ते एका तिकिटाचं. पासपोर्टाविना परदेशात शिरण्याचा धोका मात्र बाहेरून आला नाही. जे आधीच हातचं गेलं होतं त्याच्यामागे धावताना तो तयार झाला. मार्क्टओबरडॉर्फच्या पुढे बसमध्ये तिला पाऊण तास मिळाला होता. त्या वेळात ‘अकरा चाळीस गेलं’ एवढं एक वाक्य तिने स्वतःशी म्हटलं असतं, तर फ्युसेनला ती सावकाश उतरली असती, फलक वाचला असता, आणि आधी काहीतरी खाल्लं असतं. हा दोष तिच्या स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. उपाशीपोटी, परक्या भाषेत, घरच्यांच्या नजरेखाली असं वाक्य स्वतःशी म्हणणं कठीणच असतं. म्हणून मी आता मुलांना सांगते की कोणत्या वेळेनंतर तिकीट सोडून द्यायचं, हे घरून निघतानाच ठरवून लिहून ठेवा. तिच्या बाबतीत ती वेळ होती फ्युसेन स्टेशनवर पावणेअकरा.

लेशच्या काठाने

झिगेलवीजला झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी एक पायवाट आहे: ४८० मीटर लांब, जमिनीपासून २१ मीटरपर्यंत उंच, बव्हेरियात सुरू होऊन ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये संपणारी. ती वर चढली नाही. चालत गावाकडे निघाली, आणि तिच्या शब्दांत सांगायचं तर ‘तिथून पुढे दिवस माझा झाला’.

रस्ता लेश नदीच्या बाजूने जातो. चुनखडीच्या आल्प्समधून येणाऱ्या या नदीचं पाणी हिरवट-निळं दिसतं. वीसेक मिनिटांत ती लेशफाल या धबधब्यापाशी आली. हा धबधबा माणसाने घडवलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे बांध घातला, आणि नदी पाच पायऱ्यांवरून बारा मीटर खाली उतरून अरुंद घळीत शिरते. वरच्या छोट्या पुलावर उभं राहिलं की घळीच्या खडकात बसवलेला राजा माक्सिमिलियन दुसरा याचा अर्धपुतळा दिसतो. नॉयश्वानश्टाइन बांधणाऱ्या लुडविगचा हा बाप. त्यानेच तरुणपणी पायथ्याचा पडका किल्ला विकत घेऊन होहेनश्वांगाऊचा राजवाडा उभारला, आणि लुडविगचं बालपण तिथे गेलं. फेरीच्या रांगेत उभी राहिली असती तर ही सुरुवात तिला दिसली नसती.

गावात शिरल्यावर तिने बेकरीत रोख पैसे देऊन सँडविच आणि कॉफी घेतली. गल्ल्यावरच्या बाईंना मोडक्या जर्मनमध्ये चार्जिंगबद्दल विचारलं. त्यांनी कोपऱ्यातला प्लग दाखवला. चार्जर पर्समध्ये होता, पण सकाळपासून तो लावता येईल अशी जागाच मिळाली नव्हती. तिथे ती चाळीस मिनिटं बसली, आणि त्या बसण्याला मी तिच्या दिवसातला सर्वांत शहाणा निर्णय म्हणेन. फोन संपला असता तर तिकीटही संपलं असतं: क्यूआर दाखवता आला नाही तर तपासनीस विनातिकीट धरू शकतो, त्याचा दंड ६० युरो. वैयक्तिक तिकीट होतं हे ठरलेल्या मुदतीत दाखवलं तर तो ७ युरोंवर येतो, पण तो सगळा पत्रव्यवहार नव्या मुलीने करायचा.

मग होहेस श्लोस, ऑग्सबर्गच्या बिशपांचा गावातला उन्हाळी वाडा. आतल्या चौकात उभं राहिलं की भिंतींवर नक्षीदार खिडक्या, कोनाडे, बाहेर आलेले सज्जे दिसतात, आणि जवळ गेल्यावर कळतं की त्यातले बरेचसे रंगवलेले आहेत. सपाट भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस केलेलं काम. त्या चौकात जायला पैसे लागत नाहीत.

शेजारच्या सांक्ट मांग मठात गावाचं संग्रहालय आहे, आणि तिथे ती अडकलीच. ही मुलगी मटेरियल सायन्स शिकते. फ्युसेन हे युरोपातल्या ल्यूट (फुगीर पोटाचं जुनं तंतुवाद्य) बनवणाऱ्यांचं जुनं गाव आहे, हे तिला माहीत नव्हतं. १५६२ मध्ये इथल्या कारागिरांनी आपला संघ स्थापला, ल्यूट बनवणाऱ्यांचा युरोपातला पहिला. असं का घडलं याचं उत्तर भूगोलात आहे. भोवतीच्या डोंगरांत वाद्याच्या वरच्या पातळ फळीसाठी स्प्रूस आणि फुगीर पोटासाठी यू ही लाकडं मिळत. ऑग्सबर्गहून इटलीला जाणारा जुना रोमन रस्ता गावातूनच जाई, आणि लेशवरून तराफ्यांनी माल खाली उतरे. लाकूड, रस्ता आणि नदी एकाच ठिकाणी. पुढे गावात कारागीर इतके वाढले की अनेकांनी व्हेनिस, पादुआ, रोम गाठलं आणि तिथे नाव कमावलं. यूच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून केलेलं ते पोट ती किती वेळ पाहत होती, हे तिला आठवत नाही. “आम्ही लॅबमध्ये जे कॉम्पोझिट म्हणून शिकतो ना ताई, तेच हे लोक चारशे वर्षांपूर्वी हाताने करत होते,” असं ती मला म्हणाली, आणि फोनवर तिचा आवाज चढला होता.

त्याच मठाच्या आन्ना चॅपेलमध्ये याकोब हीबेलरने १६०२ मध्ये रंगवलेलं मृत्यूचं नृत्य आहे. वीस चौकटी, प्रत्येकीत मृत्यू एकेकाचा हात धरून नाचतो, पोपपासून लहान मुलापर्यंत. वर लिहिलंय: ‘झाग्ट या, झाग्ट नाइन, गेटान्झ्ट मुस झाइन’. हो म्हणा, नाही म्हणा, नाचावं लागणारच. तिथे ती फार थांबली नाही. एकटीने पाहायला जड वाटलं, म्हणाली.

राजवाडा, बाहेरून

तीनच्या सुमारास ती परत स्टेशनसमोर आली, फलक वाचला, ड्रायव्हरला विचारलं आणि योग्य बसमध्ये बसली.

फार थोड्यांना माहीत असतं की नॉयश्वानश्टाइनला तिकीट लागतं ते फक्त आतल्या फेरीसाठी. वरपर्यंतची वाट मोकळी आहे, आणि ज्या दृश्यासाठी लोक जगभरातून येतात ते तर राजवाड्यातून दिसूच शकत नाही. ते दिसतं मारियनब्रूके या पुलावरून. प्योलाटच्या घळीवर, सुमारे ९० मीटर उंचीवर हा पूल आहे. माक्सिमिलियनने आपल्या राणीसाठी, मारीसाठी, आधी तो लाकडी बांधवला. लोखंडी झाला लुडविगच्या काळात. बर्फ पडला की तो बंद ठेवतात, ऑक्टोबरात सहसा उघडा असतो. तिला पुलासाठी रांगेत उभं राहावं लागलं, पण पुलावर पोचल्यावर तिने घरी कॉल लावला.

“आई, हा बघ राजवाडा.”

“अगंबाई! आत गेली होतीस का?”

“नाही गं. गाडी चुकली, तिकीट वाया गेलं. पण तुला सांगते, गावात जे पाहिलं ना...”

या वेळी तिने सगळं सांगितलं. चुकीची बस आणि पासपोर्टसुद्धा. आईने पासपोर्टावरून दहा मिनिटं ऐकवलं, ते साहजिकच होतं.

आतल्या फेरीबद्दल थोडं. ती साधारण अर्ध्या तासाची असते आणि आत फोटो काढता येत नाहीत. १८६९ मध्ये पायाभरणी झालेला हा राजवाडा लुडविगच्या हयातीत पुरा झालाच नाही. मोजक्याच खोल्या सजवून झाल्या होत्या, सिंहासनाच्या दालनात सिंहासन आलं नाही. राजा तिथे सगळे मिळून १७२ दिवस राहिला. १३ जून १८८६ रोजी श्टार्नबर्गच्या तळ्यात त्याचा मृतदेह सापडला, आणि सात आठवड्यांच्या आत राजवाडा लोकांसाठी खुला झाला. आतून पाहण्यासारखा तो नक्कीच आहे. पण ती फेरी म्हणजेच फ्युसेन असं समजून लोक येतात आणि स्टेशन ते राजवाडा ते स्टेशन करून परत जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

परतीच्या वेळी तिने आधीच पाहून ठेवलं होतं: मार्क्टओबरडॉर्फपर्यंत बस कुठून, पुढची गाडी कुठली, ती चुकली तर त्यानंतरची कुठली, आणि त्या रात्रीची शेवटची कुठली. बुखलो आणि म्युनिकच्या मधे तपासनीस आला, क्यूआर पाहिला, पुढे गेला. नऊनंतर ती खोलीवर पोचली.

हिशेब

उशिराची भरपाई मिळते का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. साध्या तिकिटावर ६० मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के परत मिळतात. डॉइचलांड-तिकिटावर मात्र ६० मिनिटांच्या पुढच्या प्रत्येक उशिरासाठी ठरावीक दीड युरो आहे, आणि ४ युरोंखालची रक्कम देत नाहीत. म्हणजे असे तीन उशीर जमले की एकत्र अर्ज करायचा. तिने त्या दिवसाचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवले आहेत. राजवाड्याचं तिकीट परत मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. गाडी चुकणं ही राजवाड्याची जबाबदारी धरली जात नाही.

माझ्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचा आग्रह होता की सहाची गाडी पकडली असती तर काहीच बिघडलं नसतं. त्या दिवशी कदाचित नसतंही. पण फ्युसेनच्या बसफेऱ्या, डोंगराळ रस्ते आणि रुळांची कामं पाहता मी दुसरा सल्ला देते: फेरी दुपारची घ्या, सकाळ गावासाठी ठेवा. गाडीला दीड तास उशीर झाला तर गाव थोडं कमी पाहून होईल, तिकीट जाणार नाही. यात पहाटे उठावंही लागत नाही.

तिने राजवाड्याचं नवं तिकीट काढलं आहे, डिसेंबरातल्या एका मंगळवारचं, दुपारी दोनचं. रूममेट बरोबर येणार आहे. ल्यूटचं दालन तिला पुन्हा पाहायचं आहे, त्यामुळे हिवाळ्यात संग्रहालय कोणत्या वारी उघडं असतं ते पाहून वार बदलावा लागेल का, एवढंच ती परवा मला विचारत होती.